चिकोपी फॉल्सची रायफल आणि माझा ८ डॉलरचा कॅलिपर

बंदुकांशी माझा संबंध शून्य. घरात कोणी शिकारी नाही, कोणी फौजेत नाही, लहानपणी जत्रेत फुगे फोडले तेवढंच. मी मेकॅनिकल डिझाइनवाला माणूस, वेस्टर्न मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन आता नऊ वर्षं होतील आणि मला नाद एकच, जुनी हत्यारं गोळा करायचा. हत्यारं म्हणजे वर्कशॉपवाली हां, पाने, कॅलिपर, डिव्हायडर, गंजलेले मायक्रोमीटर. हे आधीच सांगून टाकतो कारण मराठीत पान्याला पण हत्यार आणि बंदुकीला पण हत्यार, आणि या पोस्टमध्ये गंमत नेमकी तिथेच आहे.

तर दोनेक वर्षांपूर्वी एका फ्ली मार्केटमध्ये मला एक स्प्रिंग कॅलिपर मिळाला. दोन पाय, वर वाकवलेली स्प्रिंग, बाजूला बारीक आट्यांचा स्क्रू आणि त्यावर छोटा नट, नट फिरवला की पाय लोण्यासारखे आत-बाहेर सरकतात. शंभरेक वर्षं जुनी वस्तू आणि अजून खुळखुळ नाही. ८ डॉलर दिले, घरी आणला, बायको म्हणाली अजून एक चिमटा. मी भिंगातून बघितलं तर एका पायावर बारीक अक्षरात ठसा: जे. स्टीव्हन्स ए. अँड टी. कं. मी समजलो असेल कुठली तरी टूल कंपनी, आणि विषय संपला.

मग मागच्या पानगळीत शेजारचे आजोबा (चौऱ्याऐंशी वय, अजून स्वतः बर्फ काढतात) तळघर उपसायला बसले आणि मला हाक मारली, कारण मला "जुन्या लोखंडातलं कळतं" असा त्यांचा समज आहे. टेबलावर एका लोकरी घोंगडीत गुंडाळलेली रायफल. लहानशी, सडपातळ, खेळण्यातली वाटावी इतकी हलकी. आजोबा एकदम गंभीर होऊन म्हणाले, ही सिव्हिल वॉरमधली आहे, आमच्या पणजोबांच्या वडलांची. त्यांचा पुतण्या बाजूलाच उभा, त्याच्या डोळ्यात मला सरळ डॉलर दिसत होते.

आता सांगतो बघायचं कसं, कारण मी पण त्या दिवसापासूनच शिकलो. पहिलं काम, ती रिकामी आहे का ते बघणं. कोणी कितीही सांगू दे "अहो पन्नास वर्षं कोणी हात लावला नाही", तरी बघायचंच. ट्रिगरच्या भोवती जी लोखंडी कडी असते ती यात लिव्हर आहे, ती खाली ओढली की मागचा ठोकळा म्हणजे ब्रीचब्लॉक खाली जातो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. आजोबांनीच ओढून दाखवलं, आत टॉर्च मारला, रिकामं, नळीच्या दुसऱ्या टोकाने बघितलं तर कोळ्याचं जाळं. मग मी हातात घेतली.

एका वेळी एकच काडतूस, मॅगझिन नाही, काही नाही. ठासणीची बंदूक आणि आजची रिपीटर (म्हणजे मॅगझिनमधून एकामागून एक काडतुसं येणारी) यांच्या मधला हा टप्पा. ठासणीत दारू आणि गोळी पुढून कोंबायची, यात तयार काडतूस मागून घालायचं, पण एकच. आणि मागाहून रिपीटर निघाल्या तरी या एकबारी रायफली पन्नास-साठ वर्षं जोरात खपत राहिल्या, एक म्हणजे स्वस्त, दुसरं म्हणजे भाग कमी आणि बनवायला सोप्या, आणि नेमबाजी करणाऱ्यांना तर अचूकपणासाठी हीच लागायची.

फ्रेमच्या खाली, ट्रिगरच्या पुढे एक मोठ्या डोक्याचा स्क्रू होता, बोटाने फिरवता येईल असा. तो सोडवला आणि नळी अलगद फ्रेममधून बाहेर. म्हणजे रायफल दोन तुकडे करून पिशवीत टाकून नेता येते. नळी मागच्या बाजूला अष्टकोनी आणि पुढे गोल, २२ इंच. हे बघून मला काहीच कळलं नाही अर्थातच, नंतर कळलं की एवढ्यावरूनच जाणकार लांबून ओळखतात की ही स्टीव्हन्स कंपनीची फेव्हरिट नावाची रायफल.

ठसा जवळजवळ पुसलेला होता. कोणी तरी कधी तरी जीव तोडून पॉलिश पेपर मारलेला, असल्या वस्तूंचा खरा शत्रू गंज नाही, प्रेमाने घासणारा माणूस. मी जुन्या हत्यारांवर करतो तेच केलं: खोलीतला दिवा बंद, टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला म्हणजे प्रकाश अक्षरांवरून घसरत जातो आणि खोलगट रेषांच्या सावल्या पडतात, वर बोटाने चिमूटभर टाल्कम पावडर चोळून जास्तीची कापडाने पुसून घेतली. हळूहळू अक्षरं वर आली. जे. स्टीव्हन्स ए. अँड टी. कं. चिकोपी फॉल्स, मास. यू.एस.ए. पॅट. एप्रिल १७, ९४.

मी ओरडलोच. अरे हा तर माझा कॅलिपर!

आणि त्याच झटक्यात मी ती चूक केली जी या विषयातली सगळ्यात कॉमन चूक आहे. म्हणालो, आजोबा, सिव्हिल वॉर नाही, ते १८६५ ला संपलं, ही १८९४ ची आहे, पण वाईट वाटून घेऊ नका, उलट चांगलंच आहे. कारण तेवढं मी फोनवर बघून ठेवलं होतं की अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात, तिला फेडरल कायद्यात नेहमीच्या बंदुकीचे नियम लागू होत नाहीत (राज्याचे नियम वेगळे, ते ज्याने त्याने बघायचे). पुतण्याने लगेच फोनमध्ये काहीतरी टाइप केलं. मी छाती फुगवून घरी.

रात्री दात घासताना डोक्यात आलं. पॅट. म्हणजे पेटंट. पेटंट १७ एप्रिल १८९४ ला मिळालं, रायफल त्या दिवशी थोडीच बनली. माझ्याच कंपनीत आम्ही वस्तूवर पेटंट नंबर टाकतो तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, साचा तोच, ठसा तोच. म्हणजे ती तारीख एवढंच सांगते की वस्तू याच्या *आधीची* नाही. नंतरची कितीही असू शकते. सकाळी बनियनवरच जाऊन पुतण्याला थांबवलं, त्याने जाहिरातीत "१८९४ अँटिक" असं टाकून पण झालं होतं, ते काढायला लावलं, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मात्र मी पेटलो. पुढचे दोन-तीन महिने माझ्या सगळ्या संध्याकाळी यात गेल्या आणि जे हाती लागलं ते थोडक्यात असं की रायफलचं वय पेटंटच्या तारखेत नसतं, ते कंपनीच्या नावात असतं. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, भागीदार भांडतात, आणि प्रत्येक वेळी नाव नाहीतर पत्ता बदलतो आणि नळीवरचा ठसा बदलतो. त्यामुळे धंद्याचा इतिहास माहीत असेल तर ठसा म्हणजे कॅलेंडर. म्हणून आधी धंद्याचं सांगतो.

जोशुआ स्टीव्हन्स. जन्म १८१४, मॅसॅच्युसेट्समधल्याच चेस्टर गावचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंदुकांच्या कारखान्यात राबलेला कारागीर. चिकोपी फॉल्समध्येच मॅसॅच्युसेट्स आर्म्स नावाची कंपनी होती, तिच्याशी त्याचा संबंध होता, आणि त्या कंपनीवर सॅम्युअल कोल्टने रिव्हॉल्व्हरच्या पेटंटवरून केस टाकली आणि १८५१ मध्ये जिंकली. म्हणजे पेटंट काय चीज असते हे या माणसाने चांगलंच जवळून बघितलेलं. मग १८६४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, स्वतःच्या नावावर पेटंट घेऊन, दोन भागीदारांबरोबर, नदीकाठच्या एका जुन्या पिठाच्या गिरणीत स्वतःचा कारखाना टाकला. नाव जे. स्टीव्हन्स अँड कंपनी. पन्नाशीत! मला चाळिशीत जॉब बदलायचा म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

सुरुवात खिशात मावेल अशा छोट्या एकबारी पिस्तुलापासून. त्याची नळी बिजागरीवर होती, फ्रेमच्या बाजूचं बटण दाबलं की नळीचं मागचं टोक वर उचललं जायचं, काडतूस घाला, नळी खाली दाबा, झालं. हीच टिप-अप पद्धत त्यांनी रायफलीत पण वापरली आणि पुढे कितीतरी वर्षं चालवली. त्यामुळे स्टीव्हन्सची रायफल हातात आली आणि नळी मोडल्यासारखी वाकली तर समजायचं, ही जुन्या पिढीची. आणि ठशात नुसतं जे. स्टीव्हन्स अँड कं. असेल तर १८६४ ते १८८६ यातली.

१८८६ मध्ये कंपनीची नव्याने बांधणी झाली आणि नाव झालं जे. स्टीव्हन्स आर्म्स अँड टूल कंपनी. ए. अँड टी. म्हणजे हेच. टूल नुसतं शोभेला नव्हतं, हे लोक खरंच मशिनिस्टसाठी कॅलिपर आणि डिव्हायडर बनवायचे, कारण बंदुकीची नळी आणि काडतुसाचं घर अचूक कापायचं तर मोजायची साधनं पण तशीच लागतात, आणि ज्यांना ती स्वतःसाठी चांगली बनवता येतात त्यांनी ती विकली नाहीत तर नवलच. माझा चिमटा आणि आजोबांची रायफल एकाच नावाच्या छपराखालची भावंडं. हत्यार ते हत्यारच.

पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, याच कंपनीच्या नावावर जमा असलेली गोष्ट म्हणजे पॉइंट २२ लाँग रायफल हे काडतूस (पॉइंट २२ म्हणजे गोळीची जाडी, साधारण इंचात). आज जगात जिथे जिथे कोणी नेमबाजी शिकतं, तिथे बहुतेक हेच असतं. जोशुआच्या कंपनीचं नाव किती जणांना माहीत असेल कोण जाणे, पण त्यांचं काडतूस ऑलिंपिकमध्ये आहे.

आता ज्या भागामुळे मी रात्री दोनपर्यंत जागलो तो. कंपनीत एक हिशेबनीस होता, अर्विंग पेज. वह्या लिहिता लिहिता त्याने कंपनीचे शेअर घ्यायला सुरुवात केली आणि १८९६ मध्ये कंपनी त्याच्या ताब्यात आली, म्हातारा जोशुआ ब्याऐंशीच्या आसपास असताना बाहेर पडला. (१९०७ ला वारला, बाणवं वर्षं जगला.) आणि हा हिशेबनीस निघाला खरा धंदेवाला. कारखाना वाढवला, जाहिराती केल्या, आणि कळस म्हणजे १९०१ मध्ये फ्रँक ड्युरिया, ज्याने आपल्या भावाबरोबर १८९३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर पेट्रोलची गाडी चालवली होती, त्याला धरून मोटारी बनवायला सुरुवात केली. स्टीव्हन्स-ड्युरिया. पुढे १९०६ मध्ये मोटारींची कंपनी वेगळी केली. पोरांच्या रायफली, कॅलिपर आणि मोटारी, सगळं एकाच घरातून!

पोरांच्या रायफली हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या काळातल्या स्टीव्हन्सच्या जाहिराती बघा, बहुतेक सगळ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना उद्देशून. भावांची उतरंडच लावलेली होती, स्टीव्हन्स-मेनार्ड ज्युनियर ३ डॉलर, क्रॅक शॉट ४ डॉलर, लिटल क्रॅग ५ आणि फेव्हरिट ६ डॉलर. आजच्या पालकांना ऐकून घेरी येईल, पण तेव्हा ते सायकलीसारखं होतं. फेव्हरिट तर इतकी खपली की दहा लाखांच्या वर बनवल्या म्हणतात, त्यामुळे कोणी "फार दुर्मिळ" म्हणून विकायला आला तर हसून पुढे जायचं.

दुसऱ्या कंपन्यांचं पण असंच. रेमिंग्टनच्या रोलिंग ब्लॉक नावाच्या एकबारी रायफलीवर ई. रेमिंग्टन अँड सन्स, इलियन, न्यूयॉर्क असं असेल तर ती बापलेकांच्या काळातली, कारण १८८६ मध्ये ते दिवाळखोरीत गेले आणि १८८८ मध्ये मार्सेलस हार्टलीच्या मंडळींनी घेतल्यावर नाव रेमिंग्टन आर्म्स झालं. शार्प्स कंपनीच्या रायफलीवर ओल्ड रिलायबल हे शब्द आणि ब्रिजपोर्ट हा पत्ता दिसला की १८७६ नंतरची, कारण त्या वर्षी कारखाना हार्टफर्डहून तिथे हलला. आणि बॅलार्ड रायफल! तिची तर दया येते. पेटंट १८६१ चं, पण ज्याने बनवायला घेतली तो बुडाला अशी अवस्था, बॉल अँड विल्यम्सकडून मेरिमॅक आर्म्स, तिथून ब्राउन मॅन्युफॅक्चरिंग, शेवटी १८७५ ला जॉन मार्लिनच्या हातात आल्यावर कुठे तिचं नशीब उघडलं आणि ती नामांकित नेमबाजीची रायफल झाली. डिझाइन तेच, फक्त फ्रेमवरची नावं बदलत गेलेली. लग्न न टिकणाऱ्या मुलीसारखं आडनाव बदलत गेलं असं मी लिहिणार होतो पण बायको वाचते हा ब्लॉग.

विंचेस्टरवाले नशीबवान. त्यांच्या १८८५ मॉडेलचं मूळ डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, युटातल्या ऑग्डेनच्या तरुण पोराचं, १८८३ मध्ये विंचेस्टरने त्याच्याकडून ८,००० डॉलरला हक्क घेतले. पण मुद्दा हा की विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये जपून ठेवल्यात, नंबर द्या, माहिती मागा. स्टीव्हन्सच्या बाबतीत ते सुख नाही. नंबर असतो पण त्यावरून तारीख लागत नाही, बरेचदा तो फक्त नळी आणि फ्रेम एकमेकांचे आहेत का एवढं तपासायला कामाचा. (ते जरूर तपासा, कारण नळी सुटी होते म्हटल्यावर कोणाची नळी कोणाच्या फ्रेमवर चढली असेल सांगता येत नाही.)

तर आता आजोबांची रायफल. ठशात ए. अँड टी. आहे म्हणजे १८८६ ते १९१६ यातली, कारण १९१६ ला टूल गळालं आणि नुसतं जे. स्टीव्हन्स आर्म्स कंपनी राहिलं. पेटंटमुळे एप्रिल १८९४ च्या आधीची नाही. फेव्हरिटच्या अगदी पहिल्या थोड्या रायफलींना फ्रेमच्या बाजूला सुटी होणारी पट्टी असायची, ती हिला नाही, पण ते पेटंटशी जुळतंच. मॉडेल १९१५ म्हणून जी सुधारलेली फेव्हरिट आली तसलं काही हिच्यावर कोरलेलं नाही. म्हणजे १८९४ ते १९१५, एकवीस वर्षांचा पट्टा, आणि मध्येच १८९८ ची ती कायद्याची रेघ. पुतण्या अजून आशेवर.

मी परत टॉर्च घेऊन बसलो. ब्रीचब्लॉकवर बघितलं तर फायरिंग पिनचं भोक मध्यभागी नाही, जरा वर सरकलेलं. म्हणजे रिमफायर. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून पिन कडेवर आपटते, सेंटरफायरमध्ये मधोमध टिकली असते. रिमफायर ठीक आहे, पण कुठलं? सगळे धरून चाललेले की पॉइंट २२, कारण पोरांची रायफल म्हणजे पॉइंट २२. मी तोंडाशी डिजिटल कॅलिपर लावला (जुना नाही, हा ऑफिसवाला) आणि आकडा जास्त आला. परत लावला. परत जास्त. मग नळीच्या मुळाशी, जिथे ती फ्रेमला टेकते तिथे पावडर चोळली, आणि आत्तापर्यंत ओरखडा वाटत होता तिथून दोन आकडे वर आले, २ आणि ५.

पॉइंट २५ स्टीव्हन्स. कंपनीचं स्वतःचं काडतूस, खारी-ससे मारायला पॉइंट २२ पेक्षा जरा जोरदार, आणि ते बाजारात आलं १९०० च्या सुमारास. झालं! काडतूसच १९०० चं तर रायफल १८९८ ची कशी असेल. कंपनीचं नाव, पेटंट, सगळं चुकवून ती त्या रेघेच्या पलीकडे गेली ती या दोन आकड्यांमुळे. आणि आकडे कारखान्याचेच ठसे होते, सरळ ओळीत, म्हणजे कोणी नंतर नळी मोठी करून घेतली वगैरे नाही. १९०० ते १९१५. पुतण्याने घोंगडी उचलून परत गुंडाळायला घेतली तेव्हाच मी समजलो त्याच्यापुरता विषय संपला.

काडतूसही १९४२ पासून बनणं बंद झालंय, त्यामुळे ती वाजवायचा प्रश्न नाही, आणि वाजवू पण नये. या फेव्हरिटची फ्रेम ओतीव लोखंडाची, तेव्हाच्या मवाळ काडतुसांसाठी केलेली. पॉइंट २२ वाल्या जुन्या फेव्हरिटमध्ये आजचं हाय व्हेलॉसिटी म्हणजे जास्त जोरदार काडतूस घालून बघणारे महाभाग असतात, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

हाच ओतीव आणि घडीव फरक स्टीव्हन्सच्या मोठ्या रायफलींमध्ये फार महत्त्वाचा आहे. आयडियल नंबर ४४ आणि ४४½, नाव जवळजवळ सारखं, लांबून दिसायला सारख्या, पण ४४ च्या लिव्हरला ओढा दिला की ठोकळा खाली जाताना मागे झुकतो, आणि १९०३ मध्ये आलेल्या ४४½ चा ठोकळा लिफ्टसारखा सरळ खाली उतरतो, फ्रेम घडीव पोलादाची. एकदा एका संग्राहकाने माझ्या हातात दोन्ही दिल्या, डोळे मिटायला सांगितले आणि लिव्हर ओढायला लावली, आणि खरंच हाताला फरक कळतो, एकात जडसर डोलणारी हालचाल, दुसऱ्यात तेलात बुडालेला खटका. याच काळात हॅरी पोप नावाचा नळ्या कोरणारा जादूगार स्टीव्हन्सकडे होता, स्टीव्हन्स-पोप असा ठसा दिसला तर हात धुऊन मग हात लावावा. त्याचं स्टीव्हन्सशी फार दिवस जमलं नाही, तो गेला कॅलिफोर्नियाला, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान टाकलं आणि १९०६ चा भूकंप झाला. दुकान गेलं. काय नशीब असतं एकेकाचं.

आणि ४४½ बंद का पडली, तर रशियामुळे. पहिल्या महायुद्धात झारच्या सैन्याला रायफली कमी पडत होत्या, त्यांनी अमेरिकेत ऑर्डरी दिल्या, त्यातली १८ लाख मोसिन-नागांत रायफलींची ऑर्डर वेस्टिंगहाउसला. विजेच्या सामानवाल्यांकडे बंदुकांचा कारखाना कुठून येणार, म्हणून १९१५ मध्ये न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस कंपनी काढून तिने स्टीव्हन्सच विकत घेतली, स्टीव्हन्स-ड्युरियाचा ईस्ट स्प्रिंगफील्डचा मोटार कारखाना पण घेतला. नाजूक नेमबाजीच्या रायफली गेल्या बाजूला आणि चिकोपी फॉल्समध्ये लष्करी रायफलींच्या नळ्या. १९१७ ला रशियात क्रांती झाली, गिऱ्हाईकच गायब. १९२० मध्ये सॅव्हेज या दुसऱ्या बंदूक कंपनीने स्टीव्हन्स घेतली, नाव चालू ठेवलं, फेव्हरिट १९३० च्या दशकापर्यंत निघत राहिली, आणि १९६० मध्ये सॅव्हेज वेस्टफील्डला हलल्यावर चिकोपी फॉल्सचा पत्ता नळ्यांवरून कायमचा गेला.

हे सगळं मी एका रविवारी आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना सांगितलं, घाबरत घाबरतच, कारण सिव्हिल वॉरवाली गोष्ट त्यांच्या घरात तीन पिढ्या चाललेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, १९०० ते १९१५ म्हणजे माझे आजोबा दहा-बारा वर्षांचे असतील की. १८९३ चा जन्म त्यांचा. आणि मग त्यांना काहीतरी आठवलं, की लहानपणी आजोबांनी सांगितलं होतं, एका उन्हाळ्यात शेजारच्या शेतावर बटाटे काढून पैसे जमवले आणि पहिली वस्तू घेतली ती बंदूक. पणजोबांच्या वडलांची गोष्ट दुसऱ्याच कुठल्या तरी तलवारीची होती, ती कधीच हरवली, आणि घरात उरलं हेच एक हत्यार म्हणून गोष्ट येऊन याला चिकटली.

"काय किंमत होती म्हणालास तेव्हा?"

"६ डॉलर. जाहिरातीत तरी."

मी खिशातून माझा कॅलिपर काढून रायफलीशेजारी ठेवला, दोन्ही ठसे दाखवायला, ए. अँड टी. आणि ए. अँड टी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो उचलला, नट फिरवला, पाय उघडझाप करून बघितले, मान डोलावली. "आणि हा कितीला घेतलास?"

"८ डॉलर."

"माझ्या आजोबांनी ६ डॉलरमध्ये अख्खी रायफल आणली," ते म्हणाले, "आणि तू इंजिनियर असून ८ डॉलरमध्ये चिमटा?"

बायकोला सांगितलं नाहीये अजून.